राखेला झाडू लावण्याआधी

पत्र: "शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस डोंगर जळत होता. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आग खाली उतरली आणि खळ्यांत शिरली. अकरा गंज्या, चार गोठे आणि तीन घरं गेली. एक दुभती म्हैस दगावली, माझ्या दिराचे दोन्ही बैल भाजले. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, म्हणून जो तो मलाच विचारतो, 'आते काय करानं?' भरपाई कशी मिळते? जनावरांचं काय करायचं? सासूबाई रात्री दचकून उठतात. आणि गावातले काही जण म्हणतात, वरच्या पाड्यावरच्यांनी मोहासाठी आग लावली, त्यांच्यावर केस करा. पुढच्या वर्षी हेच पुन्हा झालं तर?"
— एक वाचक, धुळे जिल्हा

ताई,

आधी बैल बघू, कारण ते बोलून दाखवणार नाहीत.

आठवडा झाला म्हणजे कातडीवरच्या जखमा सगळ्यांना दिसल्या असतील. न दिसणारी जखम खुरात असते. तापलेल्या जमिनीवरून पळालेल्या जनावराचा खूर आतून भाजतो आणि त्याचा त्रास कितीतरी दिवसांनी वर येतो. सकाळी ऊन चढायच्या आत बैलाजवळ बसा. तळहाताची मागची बाजू चारही खुरांवर एकेक करून ठेवा. एखादा खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला, बैल त्या पायावर भार द्यायला टाळत असेल, सारखा पाय बदलत असेल, तर आत सूज आहे. मग खुराचा वरचा काठ बघा, जिथे केस संपतात आणि खूर सुरू होतो. तिथे फट पडलेली दिसली किंवा पाणी झिरपताना दिसलं तर खूर सुटायला लागला आहे. त्याच दिवशी पशुवैद्यक हवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची विचारणा करता येते. तोवर बैल दगडी किंवा काँक्रीटच्या फरशीवर बांधू नका, वाळू किंवा कुटाराचा जाड थर घाला. आणि डॉक्टर सांगेपर्यंत खांद्यावर जू नाही, मशागत कितीही अडली तरी.

कातडीवरची जखम मिठाच्या पाण्याने धुवायची. एक लिटर पाणी उकळून कोमट करायचं आणि त्यात ९ ग्रॅम मीठ घालायचं, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. पुसायचं नाही, टिपायचं. वर डॉक्टरांनी दिलेलं मलम. हळद-तेल, रॉकेल, बॅटरीचं पाणी, राख यातलं काहीही लावू नका. तेलाचा थर जखमेतली घाण आत कोंडतो आणि मार्चच्या उन्हात तिथे माशी बसते. अळ्या पडायला दोन दिवस पुरतात. माशी हटवायला कडुनिंबाचं तेल चालेल, पण जखमेच्या कडेने, निरोगी कातडीवर. म्हशी-गायींची कास रोज चाचपून बघा, भाजलेल्या सडाला दुधाची गाठ लवकर धरते. श्वास भरभर चालला असेल, खोकला असेल, नाकातून फेस येत असेल तर धुराने फुप्फुस धरलं आहे, आणि ते घरच्या उपायाचं काम नाही. तोंड पोळलेलं जनावर कडबा चघळत नाही. त्याला भिजवलेला कोंडा आणि हिरवा चारा द्या, पाणी सतत पुढे ठेवा.

पुढच्या वेळेसाठी एवढंच लक्षात ठेवा: माणूस असो की जनावर, भाजल्याबरोबर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, फोड फोडणं नाही. चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही.

आता पंचनामा. भरपाई कशी मिळते हे तुम्ही विचारलं आहे, पण रकमेपेक्षा पंचनाम्यात कोणता शब्द पडतो ते महत्त्वाचं आहे. केंद्राच्या यादीत आग ही आपत्ती आहे आणि मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या दरांनी मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठी असे दर ठरले होते: दुभती म्हैस किंवा गाय ३७,५०० रुपये, बैल ३२,००० रुपये, वासरू २०,००० रुपये, शेळी-मेंढी ४,००० रुपये. पूर्ण नष्ट झालेलं घर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये दर कुटुंबामागे. राज्य सरकार वेळोवेळी वेगळा शासन निर्णय काढतं, म्हणून तहसीलमध्ये चालू निर्णयाची प्रत मागून घ्या.

आता घराचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एक लाख वीस हजार आणि चार हजार. मातीच्या भिंतींचं घर जळालं की छप्पर जातं आणि भिंती भाजून उभ्या राहतात. भिंती उभ्या दिसल्या की घाईत 'अंशतः' लिहिलं जातं. त्या भिंतीला हात लावून बघा. आगीने आतलं लाकडी धारण जळालेलं असतं, भेगा आरपार गेलेल्या असतात, पहिल्या पावसात ती भिंत बसते. म्हणून तलाठी आल्यावर तुम्ही स्वतः हजर राहा, तिन्ही घरांच्या भेगा टेपने मोजून दाखवा आणि 'घर राहण्याजोगं उरलेलं नाही' हे वाक्य लिहून घ्या. मतभेद झाला तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याची पाहणी लेखी मागा.

म्हणूनच पंचनाम्याआधी राख उचलू नये. साफसफाई झालेलं घर कागदावर सिद्ध होत नाही. काही घरांनी झाडलंच असेल तर आजच मोबाइलमध्ये फोटो काढा: घराचे चारही बाजूंनी, मग आतून, आणि प्रत्येक फोटोत ओळखीची एखादी खूण येऊ द्या, शेजारचं मंदिर, विजेचा खांब, काहीही. घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा, सातबारा किंवा वनहक्काचं प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं ही तीन कागदं प्रत्येक कुटुंबाची एका पिशवीत घाला. कागद जळाले असतील तर नमुना ८ ची नक्कल ग्रामपंचायत देते, सातबारा ऑनलाइन निघतो, वनहक्क प्रमाणपत्राच्या प्रतीसाठी कुठे अर्ज करायचा ते तहसीलमध्ये विचारा. अर्ज दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

म्हशीचं शवविच्छेदन झालं होतं का, हे पत्रात नाही. झालं नसेल आणि ती पुरली असेल, तरी कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक शोधा. लसीकरणाच्या नोंदीत तो सापडतो. तो क्रमांक, दोन साक्षीदार, जागेचा फोटो घेऊन पशुधन विकास अधिकाऱ्याकडून दाखला मागा. बिल्लाच नसेल तर दावा अडतो, म्हणून गावातल्या बाकीच्या जनावरांना या महिन्यात बिल्ले मारून घ्या.

दरांच्या यादीत रचलेल्या कडब्याला स्वतःची ओळ नाही. अकरा गंज्यांचं दुःख आम्हाला कळतं, दादर ज्वारीच्या कडब्यावर पावसाळ्यापर्यंतची जनावरं उभी असतात. तरी पंचनाम्यात प्रत्येकाच्या पेंढ्यांची संख्या लिहून घ्याच, कारण ग्रामसभेचा ठराव करून चारा मागताना तोच आकडा पुढे ठेवायचा आहे. आणि एक: बाहेरून काळी पडलेली गंजी आतून अजून धुमसत असू शकते. वरून पाणी ओतून ती विझत नाही, पाणी वरच्या पेंढ्यांवरून घसरून जातं. वारा पाठीमागून येईल असं उभं राहून दाताळ्याने कडेच्या पेंढ्या ओढा, जमिनीवर पसरा, मग भिजवा. मधल्या पेंढ्या चांगल्या दिसल्या तर एक फोडून नाकाला लावा. कुबट वास आला तर बुरशी धरली आहे, ती जनावराला घालू नका. धुराचा वास असलेला पण कोरडा कडबा दोन-तीन दिवस उन्हात पसरून थोडा थोडा दुसऱ्या चाऱ्यात मिसळून चालतो.

जळालेल्या घरांवर सिमेंटचे पत्रे होते का? आगीत ते फटाक्यासारखे फुटतात आणि जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. तुकडे आधी पाण्याने भिजवा, झाडू मारू नका, हाताने उचलून जाड पिशवीत भरा, तोंडावर एन-९५ मास्क. रुमाल बांधून भागत नाही. मुलांना राखेत खेळू देऊ नका.

ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाइप वितळले असतील तर त्या ओळीतून पिण्याचं पाणी घेऊ नका, नवी जोडणी होईपर्यंत. कॅलिफोर्नियात २०१८ साली पॅराडाइज नावाचं गाव वणव्यात जळालं, ८५ माणसं गेली, आणि नंतर तिथल्या नळाच्या पाण्यात बेन्झिन हे विषारी रसायन सापडलं. तापलेलं प्लॅस्टिक हे त्याचं एक कारण मानलं जातं. विहिरीत राख पडली असेल तर आधी वरचा तवंग गाळून काढा, गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्या, आणि मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला ५ ग्रॅम. गढूळ पाण्यात टीसीएल वाया जाते, म्हणून क्रम बदलू नका. खरी राख तर जूनमध्ये येईल, पहिल्या पावसात डोंगरावरून नाल्यात. तोवर विहिरीचा कठडा एक फूट तरी उंच करून घ्या.

आता पाड्याचा प्रश्न. याच्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण चूक झाली तर ती इथेच होईल.

मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली सागाच्या आणि पळसाच्या पानांचा गुडघाभर थर असला की फुलं वेचता येत नाहीत, म्हणून काही लोक झाडाखालची पानं पेटवतात. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही काही ठिकाणी झुडपं जाळतात. हे खरं आहे. पण पायथ्याच्या शेतांत गव्हाचं काड आणि उसाचं पाचट जाळणारेही आहेत, रस्त्याकडेला विडीचं थोटूक टाकणारेही आहेत. तुमच्या गावची आग कुठे लागली हे कोणी पाहिलेलं नसेल तर अंदाजावर तक्रार करू नका. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे आणि त्याचा तपास वनविभाग करेल. पुरावा असेल तर तो वनपालाकडे द्या. गावाने न्यायाधीश व्हायची गरज नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: पाड्याशी वैर धरलं तर पुढच्या वर्षीची आग तुम्हाला उशिरा कळेल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे संदेश मोबाइलवर पाठवते, नोंदणी फुकट आहे, तुम्ही आणि दोन-चार तरुणांनी ती जरूर करा. पण त्या उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर बाजूचा असतो आणि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो. सकाळी नऊला दरीत निघालेला धूर सगळ्यात आधी पाड्यावरच्या बाईला दिसतो. तिने फोन करायचा की 'आपल्यावरच येईल' म्हणून गप्प बसायचं, हे तुमच्या गावच्या वागण्यावर ठरतं. वन अधिनियमाच्याच कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे, आणि वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला आहे. गाव आणि पाडा मिळून बसायला तेवढा आधार पुरे.

म्हणून ग्रामसभा बोलवा, पाड्यासह. तिथे मोहाबद्दल हे ठरवा: झाडाखाली पेटवायचं नाही, पानं झाडून घ्यायची. खोडाभोवती पाच-सहा मीटरचं खळं झाडून ठेवलं की रोज वेचणी सोपी होते. त्याहून बरं म्हणजे फांद्यांखाली जुन्या साड्या किंवा हिरवी शेडनेट चार काठ्यांना बांधायची, फुलं मातीला लागतच नाहीत आणि स्वच्छ फुलांना भावही बरा येतो. दहा-बारा झाडांपुरती नेट ग्रामपंचायतीने घेऊन दिली तर त्या खर्चाची तुलना अकरा गंज्यांशी करून बघा.

आता आग खाली का उतरली ते. दिवसा तापलेली हवा डोंगर चढते, म्हणून आगही चढते. उतार दहा अंशांनी वाढला की चढतानाचा वेग साधारण दुप्पट होतो. सूर्य मावळला की गार हवा खाली वाहू लागते आणि आगीचं तोंड फिरतं. त्यात जळते ओंडके आणि बुंध्याचे तुकडे उतारावरून गडगडत येतात. दिवेलागणीला तुमच्या खळ्यांपर्यंत आग पोचली ती बहुधा अशी. दोन दिवस डोंगर जळत असताना पायथ्याला संध्याकाळचा पहारा हवा होता.

पुढच्या वर्षीचं काम जानेवारीत संपवा, वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो असं धरतात. शिवार आणि जंगल यांच्यामधे तीन मीटर रुंदीची जाळरेषा, गवत मुळापासून काढून, माती दिसेपर्यंत. जंगलाच्या हद्दीत काही करायचं तर वनरक्षकाला विचारून. बहुतेक गावं इथे फसतात: रेषा जानेवारीत झाडतात आणि विसरतात. साग फेब्रुवारी-मार्चमध्ये पान टाकतो, पंधरा दिवसांत रेषा पुन्हा पानांनी भरते आणि आग तिच्यावरून सहज चालत येते. दर आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा झाडायची, ब्लोअर मिळाला तर एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. एका ठिकाणी सगळ्या गंज्या रचू नका. दोन-तीन जागी, एकमेकींपासून पंधरा मीटर, विजेच्या तारांखाली नाही, आणि प्रत्येकीभोवती दहा मीटर उघडी जमीन.

विझवण्याचं सामान तुमच्या घरात आहे. कपाशीवर फवारायचा १६ लिटरचा पंप धुमसणारे बुंधे विझवायला उत्तम आहे, पण तीनदा धुऊन, तणनाशकाचा अंश राहिला तर नको. कोणाकडे ट्रॅक्टरवरची फवारणीची टाकी असेल तर ती हंगामभर भरून ठेवायची. आगीवर जाताना सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामडी बूट घाला, नायलॉन अंगाला वितळून चिकटतं. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी. हिरव्या पानांची डहाळी घेऊन आगीच्या शेपटीकडून आणि बाजूंनी सुरुवात करा, तोंडासमोर नाही. डहाळी वर उचलून आपटायची नाही, ठिणग्या उडतात. ज्वाळेवर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. एक माणूस उंच जागी फक्त बघायला ठेवा. पळायची वेळ आली तर आधीच जळून काळ्या झालेल्या जमिनीवर या, तिथे जळायला काही उरलेलं नसतं. दुपारी बारा ते चार लांब राहा, पहाटे हवा दमट असते तेव्हा काम होतं. आणि आगीच्या वर, उतारावर किंवा घळीत कधीही उभं राहू नका. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर वीसहून अधिक माणसं गेली, उभा उतार, वाळलेलं गवत आणि वारा एकत्र आले होते. समोरून दुसरी आग लावून आग अडवायचं काम वनविभागाच्या माणसाशिवाय करू नका.

खबर द्यायची तर वनविभागाचा १९२६, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि ११२. त्यांच्या आधी तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा मोबाइल नंबर, तो पाड्यावरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर रंगाने लिहून घ्या.

जळालेली झाडं तोडायची घाई करू नका. नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. साग, पळस मुळापासून पुन्हा फुटतात, मोहही बऱ्याचदा सावरतो. डोंगराच्या त्या बाजूला दोन पावसाळे चराईबंदी पाळली तर गवत परत येतं. उतारावर पावसाआधी नांगर घालू नका, उघडी माती वाहून तुमच्याच बंधाऱ्यात येईल. समतल रेषेत दगडी बांध घाला, दीड फूट उंचीचा पुरतो.

सासूबाईंचं दचकणं आठवड्याने कमी होत नसेल तर ते नवल नाही. धुराचा वास जोवर अंथरुणाला आहे तोवर झोप तुटणारच, सगळी गोधडी धुऊन उन्हात घाला. त्यांना 'विसरा आता' म्हणू नका, रात्री उठल्या की एक पाण्याची बादली दाराशी आहे आणि आज पहारा कोणाचा आहे एवढं सांगा. दिवसा त्यांना कामात घ्या, बियाण्याची निवड त्यांच्याइतकी कोणाला येत नाही, आणि खरिपाचं बियाणं जळालेल्या घरांना गावातूनच पुरवायचं आहे. महिन्यानंतरही तसंच राहिलं, जेवण तुटलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

आज संध्याकाळी दोन्ही बैलांच्या खुरांवर एकदा हात ठेवा, आणि तलाठ्यांना उद्याची वेळ मागून घ्या.